फाटकाची वही

दुपारचे दोन वाजले की मोठ्या बाईंचे पाय म्हणायचे, बाई, आता आम्हाला सोडा. बाई काही सोडत नसत. वय छप्पन्न, निवृत्तीला दोन वर्षं बाकी, आणि साडेसहाशे पोरांची शाळा डोक्यावर. मोठ्या बाई हे नाव त्यांच्या उंचीवरून पडलेलं नव्हतं, कारण फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत त्यांचा हात उभ्या जन्मात कधी पोचला नाही. मुख्याध्यापिका झाल्या म्हणून मोठ्या, एवढंच.

पहाटे पाचला उठायचं, सासूबाईंना न्हाऊ घालायचं, त्यांचे कपडे बदलायचे, स्वयंपाक उरकायचा, डबा भरायचा आणि पावणेआठला शाळेत हजर व्हायचं, असा त्यांचा रोजचा पाठ. सासूबाईंना नव्वदी लागली होती. रोज न्हाताना विचारायच्या, "ही कोण बाई माझ्या अंगावर पाणी ओततेय?"

"तुमची सून."

"ती कुठली? ती तर शाळेत असते."

म्हातारी तसं खरंच बोलत होती. नवरा निवृत्त होऊन घरी बसला होता. माणूस वाईट नव्हता. घरातलं पेपर वाचायचं काम त्याने एकट्याने उचललं होतं, आणि ते तो मन लावून करायचा.

तीन वर्षांपूर्वी मुख्याध्यापिकेची खुर्ची मिळाली, तेव्हा बाई पाच दिवसांच्या एका प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. बाईच्या नजरेनं, आणि ज्यांचं कोणी ऐकत नाही त्यांच्या बाजूनं शाळा कशी चालवायची, हे तिथं शिकवलं होतं. बाकीची माणसं तिथून एक पिशवी आणि एक पेन घेऊन आली. बाई मात्र सगळं मनावर घेऊन आल्या. डायरीच्या पहिल्या पानावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, 'ज्याला कधी विचारलं जात नाही, त्याला आधी विचारायचं.'

आल्या आल्या त्यांनी शिक्षकांच्या खोलीतलं लांबलचक टेबल वाचनालयात हलवलं आणि खुर्च्या गोल मांडायला लावल्या. दर गुरुवारी दोन वाजता शाळा सुटली की सभा. त्यात कोणी वर नाही, कोणी खाली नाही, जो तो आपलं मत मांडणार आणि सगळ्यांचं मिळून ठरणार.

"गोल बसून पत्ते वाटायचेत का?" गणिताच्या सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सर कडक. चष्म्याची काच जाड आणि आवाज त्याहून जाड. शाळेत वीस वर्षं काढलेली, त्यामुळे आपण भिंतीइतकेच जुने आहोत असा त्यांचा समज होता.

"वाटू की," बाई म्हणाल्या होत्या. "पण पानं सगळ्यांना सारखी."

त्या गोलात एक खुर्ची मावशींची होती. मावशी म्हणजे शाळेची घंटा वाजवणारी, चौदा वर्ग झाडणारी, फाटक उघडणारी आणि लावणारी बाई. आधीच्या सगळ्या साहेबांच्या काळात मावशींनी सभेची खोली पाहिली ती सभा संपल्यावर, झाडू हातात घेऊन. मोठ्या बाईंनी त्यांना हाताला धरून आणलं आणि खुर्चीवर बसवलं. मावशी बसल्या, पण खुर्ची तापलेली असावी तशा, अगदी कडेला. तीन वर्षं झाली तरी त्या कडेलाच बसत होत्या.

त्याच पहिल्या वर्षी फाटकाची भानगड झाली. मोटरसायकलवरचे दोन टवाळ सकाळी शाळेसमोर घुटमळायला लागले. उशिरा एकेकट्या येणाऱ्या मुलींना आडवे जायचे, नको ते बोलायचे. बाईंचा जीव वरखाली झाला. त्यांनी गोलात विषय मांडला आणि नियम ठरला. आठची घंटा, आठ दहाला फाटक बंद. त्यानंतर जो येईल त्याने परत घरी जायचं आणि मोठ्या माणसाला घेऊन यायचं. म्हणजे पोरी वेळेवर येतील, घोळक्यानं येतील, आणि एकटीदुकटी रस्त्यात सापडणार नाही. उशिरा येणाऱ्यांची नोंद मावशींनी फाटकाजवळच्या वहीत करायची. सगळ्यांचे हात वर झाले. मावशींचाही झाला. मावशींना लिहिता येतं का, हे मात्र त्या गोलातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

टवाळ महिन्याभरात दुसरीकडे टवाळी करायला गेले. फाटकाचा नियम तेवढा राहिला. फाटकावर पत्र्याची पाटी लागली, खाली बाईंची सही.

आता यंदाची गोष्ट. वर्ष सरत आलं आणि दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्यांची यादी वरच्या ऑफिसात पाठवायची वेळ आली. शुक्रवारी दुपारपर्यंत ती पोचायलाच हवी होती. बुधवारी गणिताचे सर यादी घेऊन आले. दहावीचा वर्ग त्यांचा. यादीत एका नावावर लाल रेघ होती.

"ही बसणार नाही," सर म्हणाले. "अडुसष्ट दिवस गैरहजर. नियमात बसत नाही."

ती म्हणजे लांबी. वर्गातल्या पोरांनी ठेवलेलं नाव ते, पण मायेने घेतलेलं. पोरगी एवढी उंच की बाईंच्या केबिनच्या दारातून येताना तिला मान वाकवावी लागायची. अभ्यासात पुढच्या पाचांतली.

बाईंनी तिला बोलावून घेतलं. "का गं येत नाहीस शाळेत?"

लांबी जमिनीकडे बघत राहिली. "घरी काम असतं, बाई."

"काय काम?"

"लहान बहीण आहे. सहा महिन्यांची."

"मग आईला सांग ना, परीक्षेचं वर्ष आहे म्हणून."

लांबीनं मान वर केली आणि बाईंकडे असं बघितलं, की बाईंना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. पण काय ते कळेना. पोरगी "हो बाई" म्हणाली आणि मान वाकवून दारातून निघून गेली.

एवढं बाईंना ठाऊक होतं, की या पोरीचं हे वर्ष गेलं तर पुढचं येणार नाही. आई दवाखान्याच्या धुलाईखात्यात रात्रपाळीला. मोठ्या मुलीचं शिक्षण असं मध्येच अडकलं की तिलाही तिथंच चादरी पिळायला उभं करतील आणि प्रकरण मिटेल. बाईंनी छत्तीस वर्षांत अशी प्रकरणं किती मिटलेली पाहिली होती, त्याची मोजदाद त्यांनी केव्हाच सोडून दिली होती.

गुरुवारी सभा बसली. बाई सकाळपासून थकलेल्या होत्या. सासूबाईंनी रात्रभर हाका मारल्या होत्या, तेही त्यांना नाही, चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या आपल्या बहिणीला.

"नियम सगळ्यांना सारखा," सरांनी सुरुवात केली. "समानता समानता म्हणता, तर ही घ्या समानता."

"मग धावणाऱ्या पोराचे चाळीस दिवस कसे माफ झाले?" भाषेच्या बाईंनी विचारलं. या वयानं सगळ्यांत लहान, आणि तोंडाला कुलूप नसलेल्या.

"तो शाळेसाठी धावत होता," खेळाचे सर म्हणाले.

"आणि ही काय स्वतःच्या हौसेसाठी पोर सांभाळत होती?"

"अहो, स्पर्धेचं पत्र असतं. सही असते, शिक्का असतो. पोर सांभाळल्याचा शिक्का कुठे मिळतो, तेवढं सांगा. मीच जाऊन आणतो."

एकदोघं हसली. बाई हसल्या नाहीत. बोलणं त्या गोलात फिरत राहिलं आणि फिरून फिरून त्याच जागी आलं. साडेतीन वाजले. कोणाला पोर शाळेतून आणायचं होतं, कोणाची शिकवणी होती. हात वर करायची वेळ आली. लांबीच्या बाजूनं दोनच हात, एक भाषेच्या बाईंचा आणि एक मोठ्या बाईंचा.

"मावशी, तुमचं काय मत?" बाईंनी विचारलं. तोवर पिशव्या खांद्याला लागल्या होत्या.

"मी काय सांगणार, बाई. तुम्ही शिकलेली माणसं."

"बघा बाई," सर उठता उठता म्हणाले, "गोल तुमचाच. गोलानं ठरवलं."

खोली रिकामी झाली. बाई एकट्याच बसून राहिल्या. चपला काढून त्यांनी सुजलेले पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले. मनात म्हणाल्या, इतकी वर्षं एकट्या साहेबांनी ठरवलं तेव्हाही अशीच पोरगी बुडत होती. आता चौदा जणांनी गोल बसून तिलाच बुडवलं. फरक काय, तर खुर्च्या कशा मांडल्या एवढाच.

तेवढ्यात मावशी झाडू घेऊन आल्या आणि एकेक खुर्ची उचलून भिंतीला लावायला लागल्या.

"अजून गेला नाहीत, मावशी?"

"झाडायचं कोण, बाई? चौदा वर्ग बाकी आहेत."

बाईंनी घड्याळ पाहिलं. पावणेचार. "म्हणजे गुरुवारी तुम्ही सभा झाल्यावर झाडायला सुरुवात करता?"

"दोनला सुटली की करायची. पण दोनला तर मी खुर्चीवर असते ना." मावशी हसल्या. "सव्वाचारची बस जाते मग. पुढची सातला. तोवर मी चालतच घरी पोचते."

"दर गुरुवारी? तीन वर्षं?"

"सुट्ट्या सोडून."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं खुर्ची दिलीत. नको कसं म्हणायचं?"

बाईंनी कपाळाला हात लावला. मग चपला न घालताच उठल्या आणि दोन खुर्च्या उचलल्या. मावशी "अहो बाई, राहू द्या" म्हणत होत्या, बाई ऐकत नव्हत्या. अशा दोघी जणी खुर्च्या उचलायला लागल्यावर मावशींची जीभ मोकळी झाली. खुर्चीवर बसून जे तीन वर्षांत जमलं नाही, ते खुर्ची उचलताना जमलं.

"एक बोलू का, बाई? ती पोरगी गैरहजर नाही."

"कोण? लांबी?"

"येते ती. आई कामावरून साडेआठला घरी येते, तोवर तान्ही हिच्याकडे. आई आली की पोर तिच्या हातात देते आणि धावत सुटते. पावणेनऊला फाटकावर. घामाघूम."

"मग?"

"मग काय? मी परत पाठवते. तुमची पाटी आहे ना."

बाईंच्या हातातली खुर्ची हातातच राहिली. "काल मी तिला विचारलं, तेव्हा बोलली का नाही ती?"

"तुमच्याच नियमाची चहाडी तुमच्याच तोंडावर कशी करणार? शहाणी पोर आहे. मी परत पाठवलं की कधी उलट बोलली नाही. एकदाच म्हणाली, मावशी, मोठ्या माणसाला घेऊन ये म्हणता, पण घरात मोठी मीच आहे."

बाई खाली बसल्या. म्हणाल्या, "ती वही आहे का हो? फाटकाची?"

"आहे की. कोणी मागितली नाही कधी."

मावशींनी वही आणली. पावसानं फुगलेली, कोपरे उंदरानं कुरतडलेले. बाईंनी उघडली आणि बघतच राहिल्या. आत एक अक्षर नव्हतं. मावशी दुसरीपर्यंत शिकलेल्या, त्यांना आकडे येत, अक्षरांशी मात्र त्यांचं कधी जमलं नव्हतं. त्यांनी तारीख आकड्यात टाकली होती आणि पुढे चित्रं काढली होती. दोन वेण्या म्हणजे सहावीतली एक. फुटबॉल म्हणजे आठवीतला एक. आणि पानामागून पान एक उंच, सरळ रेघ.

"ही लांबी," मावशी म्हणाल्या.

बाईंनी मोजल्या. यंदाच्या रेघा चौसष्ट. अडुसष्टांपैकी चौसष्ट दिवस पोरगी फाटकापर्यंत आली होती.

"आणि हा चष्मा कोणाचा?"

मावशींनी झाडू उगाचच एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तुम्ही म्हणालात, आठ दहानंतर येईल त्याची नोंद करा. शिक्षकांची नको असं कोणी सांगितलं नाही. मी सगळ्यांची केली. फक्त त्यांना आत घेतलं. शिक्षकांना कसं परत पाठवणार?"

बाईंना त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. पानं उलटता उलटता त्या एका चित्रावर अडखळल्या. एक पर्स होती. लहान, पण पट्ट्यासकट नीट काढलेली. पाच ठिकाणी.

"आणि ही?"

मावशींनी बाईंच्या खुर्चीला अडकवलेल्या पर्सकडे पाहिलं.

बाईंना त्या पाचही सकाळी आठवल्या. सासूबाईंनी अंथरूण भरवलं ती सकाळ, सासूबाई न्हाणीघरात पडल्या ती सकाळ. पाच वेळा त्या धापा टाकत आठ दहानंतर पोचल्या होत्या आणि पाचही वेळा मावशींनी फाटक उघडून "या बाई" म्हटलं होतं. घरातलं माणूस सांभाळून उशीर झालेली बाई आत. घरातलं माणूस सांभाळून उशीर झालेली पोरगी बाहेर. आणि पाटीवर सही बाईचीच.

डायरीतल्या पहिल्या पानाची त्यांना आठवण झाली. आधी विचारायचं म्हणून लिहिलं होतं. आज विचारलं, ते पिशव्या खांद्याला लागल्यावर.

"चला," त्या उठल्या. "सात वर्ग तुम्ही झाडा, सात मी झाडते."

"तुमच्यानं होणार नाही, बाई."

नाहीच झालं. तिसऱ्या वर्गात बाईंची कंबर धरली. पण त्या दिवशी दोघी बरोबरच फाटकाबाहेर पडल्या आणि बरोबरच चालत गेल्या.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत बाईंनी सगळ्यांना बोलावलं. खुर्च्या मांडल्या नाहीत, उभ्या उभ्याच वही पुढे केली. आधी कोणाला काही कळेना. मग चित्रांवरून माणसं ओळखू यायला लागली. खेळाच्या सरांना आपली शिट्टी सापडली. भाषेच्या बाईंना आपली छत्री सापडली, तीही नऊ वेळा.

गणिताच्या सरांनी वही डोळ्यांजवळ नेली. "माझा चष्मा एवढा गोल नाहीये."

"घाईत काढलाय, सर," मावशी दारातून म्हणाल्या.

सरांनी मोजलं. त्यांचा स्वभावच तो. "एकवीस वेळा?"

"बावीस. एकदा पान संपलं होतं."

कोणी हसलं नाही, म्हणजे हसू दाबलं. सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "बाई, ही चित्रं वरच्या ऑफिसात पुरावा म्हणून चालणार नाहीत."

"चित्रं पाठवत नाही मी. मी लिहून देणार आहे, की विद्यार्थिनी हजर होती आणि माझ्या लेखी आदेशामुळे तिला परत पाठवलं. ते चौसष्ट दिवस तिचे नाहीत, माझे आहेत."

"तुमच्यावर शेकेल. दोन वर्षं राहिलीत तुमची."

"शेकू दे. माझे पाय नाहीतरी गरम पाण्यातच असतात."

"पण कालच गोलानं..."

"म्हणून तर परत विचारतेय. काल गोलाला अर्धंच माहीत होतं. बाकीचं अर्धं खुर्चीच्या कडेला बसलं होतं, आणि त्याची बस चुकत होती. मावशी, आज आधी तुम्ही बोला."

मावशींनी हात पुसले. "पोरीला बसू द्या," एवढंच म्हणाल्या. पण मोठ्यानं म्हणाल्या.

हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. सरांचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, तोही कोपरातून अर्धा. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. "आणा इकडे. मजकूर मी लिहितो, तुमचं अक्षर कोणाला लागत नाही. सही तेवढी तुमची."

लाल रेघ खोडली गेली आणि यादी वेळेत पोचली.

त्याच दुपारी फाटकावरची पाटी उतरवली. आता उशिरा येणारा सरळ आत येतो, मावशी वहीत चित्र काढतात, आणि आठवड्यातून एकदा बाई वही बघून त्या त्या पोराला विचारतात, काय झालं होतं. सभा दुपारच्या मोठ्या सुट्टीत घ्यायला लागले आणि आपली खुर्ची ज्यानं त्यानं उचलायची असं ठरलं. यामुळे सगळं गोड झालं असं नाही. खेळाचे सर खुर्ची ओढत नेतात आणि फरशीवर ओरखडे पडतात. सभेत मावशी आता बोलतात, आणि एकदा बोलायला लागल्या की मुलींच्या संडासाच्या तुटलेल्या कडीपासून ते गळणाऱ्या टाकीपर्यंत कोणालाही सोडत नाहीत. एका गुरुवारी तर त्या बोलत राहिल्या आणि घंटा सात मिनिटं उशिरा झाली. बाईंचं काम कमी झालं नाही, वाढलंच. ऐकून घ्यायचं म्हणजे नंतर ते करावंही लागतं.

वरच्या ऑफिसातून लांबीचा अर्ज मंजूर होऊन आला. त्याबरोबर बाईंना एक पत्रही आलं. चौसष्ट दिवस विद्यार्थिनीला शाळेबाहेर ठेवणारा आदेश कोणत्या अधिकारात काढला, याचा खुलासा समक्ष हजर राहून करावा. तारीख पडली ती नेमकी परीक्षेच्या पहिल्या दिवसाची, सकाळी साडेआठची.

बाई गेल्या. तिथं त्यांना एका लाकडी बाकावर तासभर बसवून ठेवलं. मग दहा मिनिटं खुलासा ऐकला आणि त्यांच्या कागदांत ठपका ठेवला. बाईंनी वाद घातला नाही. ठपका खरा होता, आणि खऱ्या गोष्टीवर भांडायला अंगात जोरही नव्हता. ठपक्याचं पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं आणि बस पकडून शाळेत आल्या, तेव्हा सव्वादहा वाजले होते.

फाटक उघडं होतं. मावशी स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर वही.

"आली का ती?" बाईंनी विचारलं.

"केव्हाच. पेपर दहाचा, ती साडेनऊला हजर. पहिल्या बाकावर बसलीय. मागच्या पोराला फळा दिसत नाही म्हणून सर कुरकुर करत होते, मग त्यांनीच त्याला जागा बदलून दिली." मावशींनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुमचं काय झालं?"

"काय व्हायचंय? झालं ते झालं."

मावशींनी स्टूल मोकळं केलं. बाई नको न म्हणता बसल्या. वर्गांत पंख्यांचा आवाज तेवढा होता. साडेसहाशे पोरांची शाळा अशी गप्प बसलेली बाईंनी क्वचितच ऐकली होती.

मावशी पेन्सिल हातात घेऊन घुटमळल्या. "लिहू का, बाई? आजचं?"

"लिहा ना. उशीर तो उशीर."

मावशींनी तारीख टाकली आणि शेजारी पर्स काढायला घेतली.

"जरा मोठी काढा," बाई पायांतल्या चपला सैल करत म्हणाल्या. "आज जड झालीय."